श्रीलंका 'फुकट' वाटून बुडाली नाही

हा मेसेज दर निवडणुकीला नवा रंग लावून फिरतो. या वेळी तो थोरल्या मावशीकडून आला, खाली प्रश्न: "तू होतास ना रे तिथे? खरं आहे का हे?" मजकूर थोडक्यात असा: श्रीलंकेच्या सरकारने लोकांना सगळं फुकट वाटलं आणि तिजोरी रिकामी झाली, सेंद्रिय शेतीने उपासमार आणली, चीनने बंदर गिळलं, मग झुंडीने राष्ट्रपती भवन लुटलं. शेवटी तंबी, 'आपल्याकडेही लाडकी बहीण आलीच आहे, सावध व्हा!'

नाही मावशी, खरं नाही. एक मुद्दा अर्धा खरा आहे, तो पुढे येतोच.

"फुकट वाटून तिजोरी रिकामी झाली." इथे तर गाडी उलट्या तोंडाने जोडलीय. तिथे मोफत शिक्षण १९४५पासून आहे, सरकारी दवाखान्यातले उपचारही कित्येक दशकं मोफत आहेत. गरिबांना रोख मदत देणाऱ्या 'समृद्धी' योजनेचा खर्च जीडीपीच्या अर्ध्या टक्क्याहूनही कमी होता. तिजोरी आटली ती येणारा पैसा थांबवल्यामुळे. नोव्हेंबर २०१९मध्ये गोटाबाय राजपक्ष राष्ट्रपती म्हणून निवडून आले आणि १ डिसेंबरपासून व्हॅट, म्हणजे विक्रीवरचा मूल्यवर्धित कर, १५ टक्क्यांवरून थेट ८ वर आणला. सोबतचा २ टक्क्यांचा राष्ट्रउभारणी कर रद्द. पगारातून कापला जाणारा करही गेला. पण खरी मेख नोंदणीच्या मर्यादेत होती. आधी वर्षाला १ कोटी २० लाख रुपयांच्या (इथले सगळे रुपये श्रीलंकेचे) वर उलाढाल असली की व्हॅट लागू होई. ती मर्यादा केली ३० कोटी! म्हणजे २९ कोटींचा धंदा करणारा व्यापारी जाळ्याबाहेर. व्हॅट चालतो साखळीवर, प्रत्येकजण मागच्याची पावती दाखवून वजावट घेतो. मधले दुवे गळले की पावत्याही गळतात. सरकारचं उत्पन्न जीडीपीच्या सुमारे १२ टक्क्यांवरून वर्षभरात ९च्या आसपास आलं. करोनाने पर्यटन बुडवलं हे खरं, पण कपात त्याच्या आधीची.

या आकड्यांकडे बघून २०२०मध्येच देशाचं पतमानांकन (कर्ज फेडायची ऐपत किती, याचा दर्जा) घसरलं आणि रोखे विकून परदेशातून कर्ज घ्यायचं दार बंद झालं. देशातली तूट नोटा छापून भागवता येते, डॉलर छापता येत नाहीत. त्यात रुपया डॉलरला २००च्या घरात बांधून ठेवला. बँकेत हा भाव आणि बाहेर 'उंडियाल'वाला (आपल्या हुंडीचाच भाऊ) त्याहून बराच जास्त देतोय, तर आखातात राबणारी बाई पैसे कुठून पाठवेल? बँकांतून येणारा परदेशातल्या कष्टकऱ्यांचा पैसा २०२०मधल्या ७१० कोटी डॉलरवरून पुढच्या वर्षी ५५० कोटींवर उतरला. एवढं होऊनही १८ जानेवारी २०२२ला मुदत संपलेल्या रोख्यांचे ५० कोटी डॉलर चुकते केले. मग डिझेलला डॉलर नाहीत, म्हणून ३१ मार्चला तेरा तास वीज गुल. साडेबारा किलोचा गॅस सिलिंडर ऑक्टोबर २०२१आधी १,४९३ रुपयांना होता, एप्रिलमध्ये ४,८६० झाला. त्याच ३१ मार्चच्या रात्री कोलंबोजवळच्या मिरिहानात लोक राष्ट्रपतींच्या घरापुढे जमले. पुढच्या 'अरगलय'ची, म्हणजे लढ्याची, ठिणगी ती.

हे माझं मत म्हणून सोडून देऊ नका. १४ नोव्हेंबर २०२३ला श्रीलंकेच्या सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक अशा बहुमताने गोटाबाय, महिंदा (तेव्हाचे पंतप्रधान) आणि बासिल (तेव्हाचे अर्थमंत्री) या तिघा राजपक्ष बंधूंसह काही बड्या अधिकाऱ्यांना या अरिष्टासाठी जबाबदार धरलं. करकपात, रुपया बांधून ठेवणं, आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडे मदतीसाठी जायला केलेला उशीर, ते ५० कोटी डॉलर, सगळं त्यात आहे. याचिकाकर्त्यांत एक नामवंत जलतरणपटूही होता. लाडक्या बहिणीवर हवा तेवढा वाद घाला, पण त्याला श्रीलंकेचा दाखला जोडू नका. तिथली रेवडी २९ कोटीवाल्याला मिळाली होती.

"सेंद्रिय शेतीने उपासमार." हा तो अर्धा खरा मुद्दा, मान्य करावाच लागतो. मे २०२१मध्ये रासायनिक खतांची आयात एका फटक्यात बंद झाली. युरियाच्या ५० किलोंच्या गोणीत २३ किलो नत्र असतं. कंपोस्टात दीड टक्का धरला तर तेवढ्यासाठी दीड टन टाकावं लागतं, आणि तेही सावकाश लागू पडतं. भाताला फुटवे येताना नत्र हवं असतं, तेव्हा ते मिळालं नाही. बंदी नोव्हेंबरअखेरीस उठली तोवर 'महा' या भाताच्या मुख्य हंगामाची पेरणी उरकत आली होती. पण दोष सेंद्रिय शेतीचा कसा? तयारीविना, रातोरात लादलेल्या फतव्याचा तो. आणि त्यामागेही खतावरचे डॉलर वाचवायची घाई होतीच.

"चीनने बंदर गिळलं." हंबनटोटा बंदर २०१७मध्ये चिनी कंपनीकडे ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने गेलं, ११२ कोटी डॉलरला. त्याने बंदराचं कर्ज फिटलं नाही, पैसा देशाच्या डॉलरच्या गंगाजळीत गेला. बाहेरच्या कर्जात सर्वात मोठा वाटा, तिसऱ्या हिश्श्याहून जास्त, रोखेधारकांचा होता. चीनचा वाटा मोजाल तसा दहा ते वीस टक्के.

"झुंडीने राष्ट्रपती भवन लुटलं." ९ जुलै २०२२ला लोक आत घुसले, तलावात पोहले, राष्ट्रपतींच्या पलंगावर लोळले, हे सगळ्यांनी पाहिलं. सगळं शांततेत झालं असंही नाही: त्याच रात्री तेव्हाचे पंतप्रधान रानिल विक्रमसिंघे यांचं खासगी घर जाळलं गेलं. त्याआधी ९ मेला महिंदांच्या समर्थकांनी कोलंबोच्या गॉल फेस या समुद्रकाठच्या मैदानावरच्या आंदोलकांना काठ्यांनी झोडपल्यावर जो भडका उडाला, त्यात नित्तंबुवा गावी एका खासदाराचा जीव गेला, नेत्यांची घरं पेटली. पण लुटीचं म्हणाल, तर त्या भवनात नोटांची थप्पी सापडली, सुमारे १ कोटी ७८ लाख रुपये. पोरांनी ती कॅमेऱ्यासमोर मोजली आणि पोलिसांच्या हवाली केली.