दुकानाचा विमा आणि दर पावसाळ्यात फिरणारा तो मेसेज

पावसाळा तोंडावर आला की व्यापाऱ्यांच्या ग्रुपवर एक मेसेज हमखास फिरतो. दुकानाचा विमा म्हणजे पैसे वाया, कंपनी क्लेम देतच नाही. कर्ज असेल तर बँकेने विमा काढलेलाच असतो, दुकान भाड्याचं असेल तर ते मालकाचं काम, आणि पूर आलाच तर सरकार भरपाई देतं. माझं चिपळूणच्या बाजारपेठेत किराणा दुकान आहे. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी नदीचं पाणी माझ्या दुकानात माळ्याला टेकलं होतं. हा मेसेज वाचून कुणी पॉलिसी बंद केली की जीव तुटतो, म्हणून लिहितोय.

सरकारचं आधी सांगतो. त्या पुरानंतर दुकानदाराला नुकसानीच्या ७५ टक्के, पण जास्तीत जास्त ५० हजार अशी मदत जाहीर झाली. टपरीवाल्याला १० हजार. ती मदत होती, भरपाई नव्हे. ५० हजारांत तेलाचे किती डबे येतात ते किराणावाल्याला सांगायला नको.

बँकेने विमा काढलेला असतो, हे अर्धंच खरं. माझंही कॅश क्रेडिट, म्हणजे मालावर मिळणारं बँकेचं कर्ज, होतं १२ लाखांचं, आणि विमाही बरोबर १२ लाखांचा. हप्ता खात्यातून परस्पर कापला जायचा. पॉलिसीचा कागद मी कधी मागितलाच नाही, चूक माझीच. दुकानात माल होता २० लाखांचा, बुडाला १५ लाखांचा. क्लेम मंजूर झाला तेव्हा हिशेब असा निघाला: २० लाखांच्या मालावर विमा १२ लाखांचा, म्हणजे ६० टक्के, म्हणून १५ लाखांच्या नुकसानीचेही ६० टक्केच, ९ लाख. त्यातूनही थोडी कपात झाली आणि रक्कम थेट कर्जखात्यात गेली. फ्रीज, वजनकाटा, रॅक यांचा पॉलिसीत उल्लेखच नव्हता. शिवाय बुडालेल्या मालाच्या खरेदीवर भरलेल्या जीएसटीची जी वजावट (क्रेडिट) घेतली होती, तीही परत भरावी लागली.

‘कंपनी क्लेम देत नाही’ म्हणतात, त्यामागे बहुतेक वेळा हीच, मालापेक्षा कमी रकमेच्या विम्याची भानगड असते. छोट्या दुकानांसाठी १ एप्रिल २०२१ पासून ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ ही ठरावीक नमुन्याची पॉलिसी सर्वसाधारण विमा कंपन्यांकडे मिळते, एका जागी ५ कोटींपर्यंतच्या मालमत्तेसाठी. आग, पूर, वादळ, भूकंप, दंगल सगळं तीत येतं. मालाच्या किमतीपेक्षा विमा १५ टक्क्यांपर्यंत कमी पडला तर माझ्यासारखी टक्केवारीची कपात लावत नाहीत. त्यापुढे मात्र लावतात. कर वाचवायला वहीत माल कमी दाखवायची सवय असेल, तर क्लेमच्या वेळी तीच वही समोर येते.

दुसरी गोष्ट पुराव्याची. पाणी ओसरलं तेव्हा साखरेच्या पोत्यांची नुसती चिकट बारदानं उरली होती, आतली साखर विरघळून गेलेली. तांदळाची पोती फुगून शिवणीवर उसवली होती. मुलाने एकेका पोत्याचा फोटो काढला, मी रॅकप्रमाणे यादी केली आणि मगच फावडं हातात घेतलं. शेजारच्या दुकानदाराने दुर्गंधी सहन न होऊन दोन दिवसांत सगळं फेकून दुकान धुऊन काढलं. नुकसान तपासणारा सर्व्हेअर आला तेव्हा त्याला दाखवायला ओल्या भिंती होत्या. त्याचा क्लेम रखडला, आणि तो मेसेज आज तोही पुढे पाठवतो. त्याचं दुःख खरं आहे, निष्कर्ष चुकीचा आहे.

कंपन्या धुतल्या तांदळाच्या नाहीत, हेही मान्य. उशीर करतात, नको ती कागदपत्रं मागतात. पण नकार आला की लेखी कारण मागा, कंपनीच्या तक्रार विभागाकडे जा, आणि तिथेही दाद लागली नाही तर विमा लोकपालाकडे, म्हणजे विम्याच्या तक्रारी सोडवणाऱ्या अधिकाऱ्याकडे. एकट्याच्या मालकीचं दुकान किंवा सूक्ष्म उद्योग असेल तर तिथे तक्रार घेतात. फी नाही, वकील नाही. मुंबई आणि पुण्यात कार्यालयं आहेत.

भाड्याच्या दुकानाचं एवढंच, की मालकाचा विमा त्याच्या भिंतींचा. माल तुमचा, फर्निचर तुमचं, तर विमाही तुम्हीच काढायचा. चोरीचा विमा वेगळा मागून घ्या, आणि त्यात शटर किंवा कुलूप फोडल्याच्या खुणा लागतात हे आधीच माहीत असू द्या. गिऱ्हाईकाने पिशवीत टाकून नेलेला माल त्यात बसत नाही.

आता गणपतीचा माल भरायच्या आधी मी एजंटला फोन करतो आणि विम्याची रक्कम वाढवून घेतो. जादा हप्ता पॉलिसीच्या उरलेल्या महिन्यांपुरताच लागतो. पॉलिसीची एक प्रत घरी, वरच्या मजल्यावर ठेवलेली आहे.