‘डबे भरणं’ म्हणणाऱ्या वाचकाला उत्तर

‘एक मुद्रक’ या नावाने लिहिणाऱ्या वाचकांस,

वापीच्या हिंदुस्तान इंक्स या छपाईची शाई बनवणाऱ्या कंपनीने, म्हणजे पुढच्या मायक्रो इंक्सने, अमेरिकेत कंकाकीला कारखाना काढला, त्या दिवसांच्या माझ्या आठवणींवर आपण लिहिलंत : "वापीचा बेस (शाईचं दाट रंगमिश्रण) न्यायचा, तेल घालून डबे भरायचे. याला कारखाना म्हणून मिरवू नका."

आधी माझी चूक. कंकाकी ‘शिकागोला लागून’ असं मी लिहिलं होतं. ते शिकागोच्या दक्षिणेला जवळजवळ 100 किलोमीटरवर आहे. दुरुस्त केलंय.

पण ‘मिरवू नका’ हे मला लागलं. मत वेगळं असू द्या, दुसऱ्याच्या कामाला हिणवायचं कशासाठी? वापीत मी 11 वर्षं काढली, आधी ट्रिपल रोल मिलवर, म्हणजे शाई दळणाऱ्या तीन रुळांच्या यंत्रावर, मग लॅबमध्ये. रात्रपाळीहून घरी आलो की नखांतला निळा निघायचा नाही. धाकटी माझ्या हातचा घास घ्यायची नाही.

आणि ‘तेल घालून’? आपण मुद्रक म्हणवता, म्हणून जास्तच वाईट वाटलं. बेस म्हणजे शाई नव्हे. ऑफसेटची शाई पाण्याबरोबर चालते. पाणी जास्त धरलं की छपाई फिकी पडते. टॅक, म्हणजे शाईचा चिकटपणा, चढला तर हलक्या कागदाचे तंतू उपटतात, उतरला तर वेब मशीनच्या, म्हणजे कागदाच्या रिळावर छापणाऱ्या मशीनच्या, वेगात शाई धुक्यासारखी उडते. ओल्या रंगावर ओला रंग बसायचा तर पुढच्या प्रत्येक रंगाचा टॅक आधीच्यापेक्षा जरा कमी लागतो. हे सगळं गिऱ्हाइकाचं मशीन, त्याचा कागद, त्याचं पाणी बघून जुळवायचं असतं. वापीहून बोटीने डबे पोचायला आठवडे लागतात, तोवर मशीन थांबत नाही. कारखाना तिथे हवा होता तो यासाठी. ऐन थंडीत मी दोन महिने तिथे होतो. एक मॅजेंटा तीनदा परत आला. चौथ्यांदा मशीनमनने छापील ताव उजेडात धरला, बराच वेळ पाहिला आणि काही न बोलता रीळ चढवलं. तो ताव अजून माझ्याकडे आहे. तुम्ही कधी असे रात्रभर मशीनपाशी उभे राहिलात?

प्रदूषण, कामगार वगैरे तुमचे बाकीचे मुद्दे या लेखाचे नाहीत. कंपनी पुढे हूबर या जर्मन शाई कंपनीकडे गेली, हेही मला ठाऊक आहे. म्युनिकच्या, 1765 पासूनच्या कंपनीने डबे भरणाऱ्यांना विकत घेतलं असं तुम्हाला म्हणायचं असेल, तर म्हणा.

यापुढेही जरूर लिहा. मात्र स्वतःच्या नावाने लिहा.