‘ब्रिटन हातचं गेलं’ म्हणणाऱ्या त्या फॉरवर्डला उत्तर

आमच्या दहावीच्या बॅचच्या ग्रुपवर तो मजकूर परवा पुन्हा आला. माझ्या मोजणीप्रमाणे चौथ्यांदा. आधी शहरांची यादी: लंडनचा महापौर मुस्लिम, बर्मिंगहॅमचा मुस्लिम, लीड्स, शेफील्ड, ऑक्सफर्ड, ल्यूटन, सगळीकडे तेच. मग आकड्यांचा मारा. तीन हजारांवर मशिदी, एकट्या लंडनमध्ये ५०० चर्चं बंद, १३० शरिया कोर्टं, बाकीच्यांनी पाऊलही टाकू नये असे मुस्लिम भाग, ७८ टक्के मुस्लिम बायका आणि ६३ टक्के पुरुष काम न करता सरकारी पैशावर पोसलेले, सहा-आठ मुलांची मुस्लिम कुटुंबं भत्त्यावर जगणारी, प्रत्येक शाळेत इस्लाम शिकवणं सक्तीचं. आणि शेवटी तात्पर्य: बहुसंस्कृतिवादाने, म्हणजे वेगवेगळ्या संस्कृतींना आपापल्या रीतीने राहू देण्याच्या धोरणाने, ब्रिटन बुडवलं, जर्मनीच्या तेव्हाच्या चॅन्सलर मर्केलबाईंनी तर तोंडाने कबूल केलं. मूळ इंग्रजी मजकूर कितीतरी वर्षं पश्चिमेत फिरतोय. मराठी करणाऱ्याने एकही आकडा तपासलेला नाही, फक्त उद्गारचिन्हं वाढवली आहेत.

महापौरांपासून सुरू करतो, कारण ते लवकर संपतं. इंग्लंडच्या बहुतेक शहरांत महापौर किंवा लॉर्ड मेयर हे वर्षभराचं मानाचं पद असतं. नगरसेवक आपल्यातल्याच एकाला ते देतात, तो गळ्यात सोनेरी साखळी घालून फिती कापतो आणि वर्ष सरलं की साखळी दुसऱ्याच्या गळ्यात जाते. त्यामुळे अशी यादी छापली त्या दिवशीच शिळी होते. लंडनची गोष्ट वेगळी, तिथे लोक थेट मत देतात. सादिक खान २०१६, २०२१ आणि २०२४ असे तीनदा निवडून आले. बस, मेट्रो, घरबांधणी, पोलिसांवर देखरेख हे त्यांचं काम. कायदा करायचा अधिकार त्यांना नाही. ऋषी सुनक ऑक्टोबर २०२२ मध्ये ऐन दिवाळीत पंतप्रधान झाले तेव्हा याच ग्रुपवर फटाक्यांची चित्रं पडली होती. ज्या व्यवस्थेतून सुनक वर आले, त्याच व्यवस्थेतून खान आले. एकाचा अभिमान आणि दुसऱ्याचा धोका, हे गणित मला जमत नाही.

मशिदी वाढल्या, हे खरं. २०२१ च्या जनगणनेत इंग्लंड-वेल्समध्ये मुस्लिम ३९ लाख म्हणजे ६.५ टक्के होते, दहा वर्षांपूर्वी २७ लाख. पण चर्च रिकामी झाली ती त्यांच्यामुळे नव्हे. त्याच दहा वर्षांत ख्रिश्चन ५९.३ टक्क्यांवरून ४६.२ वर आले आणि ‘कुठलाच धर्म नाही’ म्हणणारे २५.२ वरून ३७.२ वर गेले. गोऱ्या ब्रिटिश कुटुंबांतली तिसरी पिढी रविवारी चर्चला जायची थांबली, एवढी साधी ती गोष्ट आहे. मग रिकाम्या इमारतीत कुणी फ्लॅट काढतं, कुणी पब, कुणी प्रार्थनास्थळ. पूर्व लंडनच्या ब्रिक लेनवरची मशीद ज्या इमारतीत आहे ती १७४३ साली फ्रान्समधून पळून आलेल्या प्रोटेस्टंट निर्वासितांनी बांधली. पुढे ती मेथडिस्टांची झाली, १८९८ पासून ज्यूंचं सिनेगॉग, १९७६ पासून बांगलादेशी मुस्लिमांची मशीद. दरवेळी मोहल्ला बदलला, तशी इमारत बदलली. आणि हो, स्वामिनारायण संस्थेचं (बीएपीएस) ब्रिटनमधलं पहिलं मंदिर १९७० साली लंडनच्या इस्लिंग्टनला एका बंद पडलेल्या चर्चमध्येच सुरू झालं. त्याला कुणी ‘चर्च गिळलं’ म्हटल्याचं फॉरवर्डमध्ये नाही.

शरिया कोर्टांपाशी मात्र थांबायला हवं. तिथे धूर आहे आणि थोडी आगही आहे.

‘शरिया कौन्सिल’ नावाच्या संस्था ब्रिटनमध्ये खरोखर आहेत. त्यातली एक जुनी आणि मोठी १९८२ मध्ये लंडनच्या लेटन भागात निघाली. पण कोर्ट म्हणावं असं त्यांच्याकडे काही नाही. समन्स काढता येत नाही, शिक्षा देता येत नाही, त्यांचा शब्द कायद्याने कुणालाही बांधत नाही. टेरेसा मे गृहमंत्री असताना त्यांनी प्राध्यापक मोना सिद्दिकींच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली, तिचा अहवाल फेब्रुवारी २०१८ मध्ये आला. त्यात या संस्थांच्या संख्येचे अंदाज ३० ते ८५ असे दिलेत. ८५ हा आकडा २००९ च्या सिविटास या संस्थेच्या पुस्तिकेतला, आणि त्यात इंटरनेटवरून सल्ला देणारेही मोजले होते. त्याचे १३० फॉरवर्डच्या वाटेवर झाले.

अहवालातली खरी बातमी निराळीच आहे. या कौन्सिलांकडे येणाऱ्यांत नव्वद टक्क्यांहून जास्त बायका असतात आणि त्या घटस्फोट मागायला येतात. निकाह झालेला असतो, पण सरकारी नोंदणी कुणी केलेलीच नसते. ब्रिटिश कायद्याच्या लेखी लग्न नाही, तर कोर्ट घटस्फोट कशाचा देणार? आणि नवरा धार्मिक घटस्फोट देत नाही. बाई दोन्हीकडून लटकलेली. काही कौन्सिलांवर तिला नको ते प्रश्न विचारले जातात, हेही समितीने नोंदवलंय. उपाय सुचवला तो असा, की निकाहच्या आधी किंवा बरोबरच नागरी नोंदणी सक्तीची करा. थोडक्यात, त्या बाईची तक्रार आहे की ब्रिटनचा कायदा तिच्या दारापर्यंत आलाच नाही. फॉरवर्डवाले सांगतात की त्या देशात दुसऱ्याच कायद्याचं राज्य आलं. दोन्हींत जमीन-अस्मानाचं अंतर आहे.

अशा धार्मिक पंचायती तिथे मुस्लिमांनी आणल्या असंही नाही. ज्यूंची ‘बेथ दिन’ लंडनमध्ये पिढ्यान्‌पिढ्या आहे, आणि तिथेही बायकांना हाच त्रास होता. म्हणून २००२ साली संसदेने कायदा केला: धार्मिक घटस्फोट अडवून धरला असेल, तर न्यायाधीश नागरी घटस्फोटाचा शेवटचा हुकूम रोखू शकतो. समाजाची रूढी राहू दिली, फक्त बाईच्या हातात एक दोरी दिली.

हे सगळं आपण पाठवतो कुठून? जिथे लग्नाचा नि घटस्फोटाचा कायदा हिंदूला वेगळा, मुस्लिमाला वेगळा, आणि दोन्ही सरकारमान्य आहेत अशा देशातून. ब्रिटनमध्ये घटस्फोटाचा कायदा सगळ्यांना एकच. आपल्याकडे तसं पाहायचं तर गोव्याला जावं लागतं, आता उत्तराखंडला.

कुणी पाऊल टाकू नये अशा भागांची कथा ऐकण्यासारखी आहे. जानेवारी २०१५ मध्ये अमेरिकेच्या फॉक्स न्यूज वाहिनीवर एका ‘दहशतवाद-तज्ज्ञा’ने सांगितलं की बर्मिंगहॅम पूर्ण मुस्लिम झालंय, इतर लोक तिथे जातच नाहीत. दहा लाखांवर वस्तीचं ते शहर. २०२१ च्या गणनेतही तिथे मुस्लिम ३० टक्के आणि ख्रिश्चन ३४ टक्के होते. पंतप्रधान कॅमेरन म्हणाले, ऐकताना सकाळची लापशी घशात अडकली, हा माणूस शुद्ध मूर्ख आहे. तज्ज्ञाने माफी मागितली, वाहिनीने माफी मागितली. मजकूर मात्र आपल्याकडे अजून फिरतोय.

बेकारीचे आकडे खोटे आहेत, पण त्यामागची दरी खोटी नाही. २०२१ च्या गणनेत १६ ते ६४ वयाच्या मुस्लिमांपैकी ४८.६ टक्के नोकरी-धंद्यात होते. सगळी लोकसंख्या धरली तर हेच प्रमाण ७०.९ टक्के. बायका घरी राहण्याचं प्रमाण त्यांच्यात जास्त आहे, शिकणारी मुलंही जास्त आहेत, कारण समाज तरुण आहे: मधलं वय २७, देशाचं ४०. ही दरी गंभीर आहे. पण ‘काम करत नाही’ म्हणजे ‘फुकट खातो’ हे समीकरण आपल्या गृहिणींना लावून पाहा, घरी जेवायला मिळणार नाही. आणि सहा-आठ मुलांच्या भत्त्याचं म्हणाल, तर एप्रिल २०१७ नंतर जन्मलेल्या तिसऱ्या मुलापासून पुढे मुख्य भत्त्यातला मुलाचा वाटा बंदच होता. तो नियम काढायचं सरकारने ठरवलं ते २०२५ सरता सरता.

शाळांचं तर पार उलटं आहे. १९८८ च्या शिक्षण कायद्यात लिहिलंय की धर्मशिक्षणाचा अभ्यासक्रम देशाची परंपरा मुख्यतः ख्रिश्चन आहे हे धरून असावा आणि त्यात इतर प्रमुख धर्मांचीही दखल असावी. म्हणजे इस्लाम आहे, तसा हिंदू धर्मही आहे. आईबापांना नको असेल तर मूल त्या तासाला बसत नाही. शिवाय २००८ पासून लंडनच्या हॅरो भागात सरकारी पैशावर चालणारी हिंदू शाळा आहे, कृष्ण अवंती नावाची. बहुसंस्कृतिवाद, बहुसंस्कृतिवाद म्हणून जो काही बाऊ केला जातो, त्याचा हा एक तुकडा.

आता मर्केलबाई. ऑक्टोबर २०१० मध्ये पॉट्सडॅमला आपल्या पक्षाच्या तरुणांपुढे त्या म्हणाल्या की ‘मल्टिकुल्टी’ (म्हणजे बहुसंस्कृतिवाद) पूर्ण फसलं. वाक्य खरं आहे. पण त्याच भाषणात त्यांनी असंही सांगितलं की साठच्या दशकात आम्ही परदेशी कामगार आणले आणि हे काही राहणार नाहीत, कधीतरी जातील, अशी स्वतःचीच समजूत घालून घेतली. हे वाक्य फॉरवर्डमध्ये नाही, आणि सगळं मर्म त्यात आहे. १९६१ च्या करारानंतर तुर्की कामगार जर्मनीत आले ते ‘पाहुणे कामगार’ म्हणून. त्यांची मुलं तिथे जन्मली, तिथेच शिकली, तरी जन्माने नागरिकत्व मिळायची सोय झाली २००० साली. चाळीस वर्षं ज्यांना उंबऱ्यावर उभं केलं, ते घरात मिसळले नाहीत म्हणून बहुसंस्कृतिवादाला दोष? तो तिथे राबवलाच गेला नव्हता.

फ्रान्सने तर तो उघड नाकारला. सार्वजनिक जागी धर्म नको, सगळे फक्त फ्रेंच, हे त्यांचं धोरण. २००४ मध्ये सरकारी शाळांत हिजाबावर बंदी आली, त्यात शीख मुलांच्या पगड्याही गेल्या. आणि पुढच्याच वर्षी पॅरिसच्या उपनगरांत आठवड्यांमागून आठवडे गाड्या जळत होत्या. दंगलींचं कारण वेगवेगळ्या संस्कृतींना मान देणं हेच असतं, तर फ्रान्स शांत राहायला हवा होता.

ब्रिटनमध्ये या धोरणाचा अर्थ १९६६ साली गृहमंत्री रॉय जेन्किन्स यांनी सांगितला होता: सगळ्यांना एका साच्यात दाबून सपाट करायचं नाही, समान संधी, सांस्कृतिक विविधता आणि परस्परांना सहन करणं. बोलायला सोपं, निभवायला अवघड. ते निभावता आलं नाही तिथे काय झालं, हेही सांगतो, कारण त्या फॉरवर्डमध्ये एक खरी गोष्ट यायला हवी होती. ती आहे उत्तर इंग्लंडमधल्या रॉदरहॅमची. २०१४ च्या चौकशी अहवालानुसार १९९७ ते २०१३ या काळात त्या गावात किमान १,४०० मुलांचं लैंगिक शोषण झालं. माहीत असलेले आरोपी बहुतांशी पाकिस्तानी वंशाचे होते, आणि ‘वंशद्वेषी’ म्हणतील या भीतीने काही अधिकाऱ्यांनी ते बोलायचं टाळलं. पोलिसांना त्या गरीब गोऱ्या मुली मुळात विश्वासार्हच वाटल्या नव्हत्या, हेही त्याच अहवालात आहे. २०२५ मध्ये सरकारच्या सांगण्यावरून लुईझ केसींनी पुन्हा पाहणी केली तेव्हा देशभरात दोन तृतीयांश आरोपींचा वंश नोंदवलेलाच नव्हता. याला नाजूक शब्दांत गुंडाळू नये. गुन्हा झाकून ‘सलोखा’ राखणं हा बहुसंस्कृतिवाद नव्हे असं म्हणून हात झटकणंही मला पटत नाही; त्या नावाखालीच ते झालं.

पण म्हणून आपण टाळ्या कुणासाठी वाजवतोय, ते बघा. एप्रिल १९६८ मध्ये हुजूर पक्षाचे खासदार इनॉक पॉवेल यांनी बर्मिंगहॅमला ते कुप्रसिद्ध ‘रक्ताच्या नद्यां’चं भाषण केलं, तेव्हा त्यांना मुस्लिम सलत नव्हते. पगडी घालून बस चालवायची परवानगी मागणाऱ्या शिखांचं उदाहरण त्यांनी त्यात दिलं होतं. केनियातून येणारे भारतीय तेव्हा बातम्यांत होते. १९७२ मध्ये युगांडाचा हुकूमशहा इदी अमीन याने भारतीयांना हाकललं तेव्हा इंग्लंडमधल्या लेस्टर शहराच्या पालिकेने युगांडाच्या वर्तमानपत्रात जाहिरात दिली की आमच्या गावात येऊ नका. आज ब्रिटनमधली सगळ्यात मोठी दिवाळी त्याच लेस्टरच्या बेलग्रेव्ह रोडवर होते. मोटारसायकलवर हेल्मेटऐवजी पगडी चालेल, हा कायदा १९७६ चा. शाळेत पगडी चालेल, हा निकाल १९८३ चा. चितेवर दहन हवं म्हणून न्यूकासलच्या एका हिंदू वृद्धाने कोर्टात झगडून २०१० मध्ये अपील जिंकलं. या देशाने रूढींना जागा दिली, असं म्हणतात ना, त्यातली कितीतरी जागा आपल्या लोकांनी मागून, भांडून घेतलेली आहे.

मालवणजवळच्या वराड गावच्या डॉक्टरचा मुलगा लिओ वराडकर २०१७ मध्ये आयर्लंडचा पंतप्रधान झाला, तेव्हा सिंधुदुर्गात पेढे वाटले. त्याच आयर्लंडमध्ये जुलै २०२५ ला डब्लिनच्या टॅला उपनगरात एका भारतीय माणसाला टोळक्याने रक्तबंबाळ केलं, कपडे फाडले. त्याने मुलांशी गैरवर्तन केलं अशी खोटी अफवा आधी पसरवलेली होती. १ ऑगस्टला भारतीय दूतावासाने आपल्या लोकांना सूचना काढली, निर्जन भागात अवेळी जाऊ नका. मारणाऱ्यांनी त्याचा धर्म विचारला नव्हता.

ग्रुपवर फॉरवर्ड टाकणाऱ्या मित्राचा भाचा डब्लिनलाच नोकरी करतो. ही बातमी मी त्याला स्वतंत्र पाठवली. दोन निळ्या खुणा आल्या, मग रात्री उशिरा फोन. फॉरवर्डबद्दल तो काहीच बोलला नाही. भाचा आता रात्रीच्या पाळीनंतर बसने येत नाही, टॅक्सी करतो, एवढं सांगून त्याने विषय बदलला.