मालकाचं उत्तर : आबांचा पासपोर्ट, मलेशिया आणि आम्हाला मिळालेला एक स्टार

नमस्कार ताई,

आबांना आणि आजींना ऐन नाताळच्या सुट्टीत मुंबई विमानतळावरून साताऱ्याला परत फिरावं लागलं, त्याबद्दल आमच्या ट्रॅव्हल ऑफिसतर्फे मनापासून दिलगिरी. या वयात रात्रीचा तसा प्रवास करायला लागणं वाईटच.

आता तुमच्या रिव्ह्यूबद्दल. तुम्ही लिहिलंय की आबांचा पासपोर्ट मे 2025 पर्यंत व्हॅलिड होता, तरी डिसेंबर 2024 मध्ये काउंटरवर अडवलं. सहा महिन्यांचा नियम एजंटनं सांगितलाच नाही. रात्री फोन उचलला नाही. आणि पैसे घेताना मात्र गोड बोलतात. गोड बोलतो हे खरं आहे, धंदाच तसला आहे. पण ‘सांगितलाच नाही’ हे वाचल्यापासून माझा डोळ्याला डोळा लागलेला नाही, म्हणून हे लांबलचक उत्तर.

बुकिंगच्या दिवशी तुमच्या मिस्टरांना व्हॉट्सॲपवर आमचा नेहमीचा मेसेज गेला. त्यात मराठीत लिहिलेलं आहे की मलेशियात उतरण्याच्या तारखेपासून पासपोर्ट किमान सहा महिने शिल्लक हवा, सगळ्यांचे फ्रंट-बॅक पाठवा. तुमचा, मिस्टरांचा, दोन्ही मुलांचा आणि आजींचा पासपोर्ट त्याच संध्याकाळी आला. आबांचा बँकेच्या लॉकरमध्ये होता, तो नंतर आला. आणि तो जो फोटो आला, त्यात पानाच्या खालच्या बाजूला मिस्टरांचा अंगठा आहे.

ताई, हे चेष्टेनं म्हणत नाही. आपल्या पासपोर्टवर फोटोच्या पानाला तळाशी दोन ओळी असतात, बाणांसारख्या खुणा आणि आकडे असलेल्या. वरची एक्सपायरी झाकली गेली असेल तर दुसऱ्या ओळीतून ती काढता येते. जन्मतारखेनंतर एम किंवा एफ येतं आणि त्याच्या पुढचे सहा आकडे म्हणजे संपण्याची तारीख, आधी वर्ष, मग महिना, मग दिवस. इतकी वर्षं या खुर्चीत बसून एवढं तर येतंच. पण अंगठा एक्सपायरीवरही होता आणि त्या ओळींवरही. आमच्या मुलीनं लगेच लिहिलं, ‘सर, आबांचा फोटो परत पाठवा, तारीख दिसत नाही.’ त्यावर उत्तर आलं तेही अंगठ्याचंच, पिवळं चित्र. फोटो काही आला नाही. पुढे आठवणीचा मेसेज गेला, त्याला निळ्या टिका आहेत. हे सगळं आमच्या फोनमध्ये आहे. इथे टाकणार नाही, कारण त्यात आबांचा पासपोर्ट नंबर दिसतो. ऑफिसला या, दाखवतो. तुम्ही स्वतः त्या चॅटमध्ये नव्हता, त्यामुळे तुम्हाला हे माहीत नसणं शक्य आहे.

तुम्ही विचाराल, तारीख न बघता बुकिंग पुढे नेलंच कसं? आमच्याकडून तुम्ही फक्त लँड पॅकेज घेतलं होतं, म्हणजे हॉटेल, गाड्या आणि लंकावी बेटाची साइटसीइंग. विमानाची तिकिटं मिस्टरांनी ॲपवरून स्वतः काढली, स्वस्त मिळाली म्हणून. त्याचं मला वाईट वाटत नाही. पण तिकीट आमच्याकडे असतं तर आमच्या पद्धतीप्रमाणे प्रत्येकाची एक्सपायरी टाकल्याशिवाय ते निघालंच नसतं. उतरण्याआधीच्या तीन दिवसांत मलेशियाचा जो ऑनलाइन अरायव्हल फॉर्म भरायचा असतो, तोही ‘आम्ही भरतो, तुम्ही कशाला चार्ज लावता’ म्हणून तुम्हीच भरलात. त्या फॉर्ममध्ये पासपोर्ट संपण्याची तारीख लिहावी लागते. 11 मे 2025 ही तारीख तुमच्या घरातल्या कुणीतरी स्वतःच्या हातानं लिहिली आहे. आणि नियम न सांगितल्याचा दोष आमच्यावर.

एक गोष्ट मात्र मान्य करण्यासारखी आहे, की लोकांचा गोंधळ होतो. पासपोर्टवर छापलेली तारीख आपल्या सरकारनं दिलेली. त्या तारखेपर्यंत तो आपल्यासाठी पूर्ण व्हॅलिड. पण समोरचा देश स्वतःचा हिशोब लावतो. मलेशिया, सिंगापूर, दुबई या सगळ्यांना सहा महिने शिल्लक हवेत. युरोपातल्या शेंगेन देशांना परत निघण्याच्या तारखेपासून तीन महिने पुरतात, पण पासपोर्ट गेल्या दहा वर्षांतला हवा. नेपाळला आपल्याला पासपोर्टच लागत नाही, मतदार ओळखपत्र चालतं. तुम्ही 22 डिसेंबरला क्वालालंपूरला उतरणार होता, म्हणजे 22 जूनपर्यंतचा पासपोर्ट हवा होता. आबांचा दीड महिना कमी पडला. तो पासपोर्ट 2015 चा, पण एकदाही न वापरलेला, कोरा करकरीत. पानं कोरी म्हणून पासपोर्ट नवा, असं घरात सगळ्यांना वाटलं असणार.

पूर्वी मलेशियाला व्हिसा लागायचा, तेव्हा व्हिसाच्या अर्जातच ही गोष्ट पकडली जायची. 1 डिसेंबर 2023 पासून भारतीयांना तीस दिवस व्हिसा माफ झाला. लोक खूश झाले, आम्हीही झालो. पण त्यामुळे पासपोर्ट नीट बघणारा पहिला माणूस थेट विमान कंपनीच्या काउंटरवर भेटतो. तिथली मुलगी कॉम्प्युटरवर त्या देशाचे नियम बघते आणि नाही म्हणते. वेब चेक-इन झालं होतं, हा तुमचा मुद्दाही तिथे चालत नाही, कारण कागद बघितल्याशिवाय परदेशात जाणाऱ्या विमानात कुणी सोडत नाही. चुकीच्या कागदांचा प्रवासी तिकडून परत पाठवला तर त्याला आणण्याचा खर्च कंपनीवर पडतो, वर दंडही बसू शकतो. त्या मुलीला तुम्ही जे बोललात ते मिस्टरांचा फोन चालू होता म्हणून मी ऐकलं. त्याबद्दल जास्त लिहीत नाही.

म्हणजे फोन उचलला होता. पहिला राहिला, कारण मी दुसऱ्या पार्टीशी बोलत होतो. नंतर बोललो, तेव्हाच सांगितलं की बाकीचे पाच जण जा, आबांचा तत्काळमध्ये करून घेऊ. संपायला एक वर्ष उरलं की रीइश्यूचा अर्ज करता येतो. छत्तीस पानी पासपोर्टला साधी फी 1,500 आणि तत्काळचे वर 2,000. पुण्यातल्या मुंढव्याच्या पासपोर्ट केंद्रातली अपॉइंटमेंट बघायला मी त्याच रात्री बसलो होतो. आजी आबांना सोडून जायला तयार झाल्या नाहीत, तो त्यांचा निर्णय, आणि तो योग्यच.

पैशांचं तुम्ही लिहिलंय की बुडाले. विमानाचे आमच्याकडे आलेच नव्हते. आमच्या पावतीवर ‘सात दिवसांच्या आत रद्द केल्यास परतावा नाही’ असं छापलेलं आहे, तरी क्वालालंपूरच्या माणसाच्या मागे लागून दुसऱ्या खोलीचे आणि दोघांच्या साइटसीइंगचे मिळून 17,400 रुपये सोडवले आणि जानेवारीत मिस्टरांच्या खात्यावर टाकले. रिव्ह्यू फेब्रुवारीतला आहे. त्यात हा आकडा कुठेच दिसला नाही, एवढंच म्हणतो.

तुमचा रिव्ह्यू वाचून लोक फोन करतात, ताई. दोन ग्रुप चौकशी करून गप्प झाले. काही जण घाबरून विचारतात की चिपवाला ई-पासपोर्ट आला, आता आमचा जुना बाद का? बाद नाही, छापलेल्या तारखेपर्यंत तो चालतो, फक्त जाणार त्या देशाचा हिशोब आधी बघा. जुन्या, संपलेल्या पासपोर्टवर अमेरिकेचा व्हिसा अजून चालू असेल तर दोन्ही पुस्तकं बरोबर न्या आणि व्हिसाचं पान फाडू नका. हे आम्ही फुकट सांगतो. पॅकेज घ्या किंवा घेऊ नका.

सुधारणांचं म्हणाल तर मेसेजमधली सहा महिन्यांची ओळ आता ठळक केली आहे, आणि तारीख दिसल्याशिवाय लँड पॅकेजचंही बुकिंग न घेण्याचा विचार चालू आहे. सीझनमध्ये कितपत जमतं बघू. फोनसाठीही काहीतरी व्यवस्था करतो.

आबा मागच्या आठवड्यात नवा पासपोर्ट घेऊन ऑफिसला आले होते, त्यांनी एप्रिलचे रेट विचारले. कोटेशन त्यांच्याच नंबरवर पाठवलं आहे. तुम्हा सगळ्यांचं जमत असेल तर सर्व्हिस चार्ज घेणार नाही. तिकीट आमच्याकडून घ्यायचं की नाही हे तुमचं तुम्ही ठरवा. आणि त्या एका स्टारचं, शक्य झालं तर, परत एकदा बघा.