‘ह्यूमन म्हणजे फालतू रेस’ म्हणणाऱ्या पोस्टला मुद्द्याला मुद्दा

सोलापूरच्या गेमिंग ग्रुपांवर सध्या एक पोस्ट लई फिरतेय, एका ग्रुपवर वाचून बाजूला ठेवावी तर दुसऱ्या ग्रुपवर तीच, आणि खाली सगळे ‘बरोबर बे’ लिहून मोकळे. पोस्टचं म्हणणं थोडक्यात असं की वॉरक्राफ्ट ह्या कॉम्प्युटर गेमांच्या मालिकेत ह्यूमन, म्हणजे माणसं, ही सगळ्यात बिनकामाची रेस, म्हणजे जमात. खेळायला त्यात काही स्पेशल नाही, स्वतःचा इतिहास नाही, एल्फांनी, म्हणजे जादू जाणणाऱ्या दीर्घायुषी जमातीने, हात दिला नसता तर कधीच संपले असते, कायम सज्जनपणाचा आव, आणि ऐंशी-नव्वद वर्षं जगणाऱ्यांनी दहा हजार वर्षं जगणाऱ्या एल्फांपुढे काय मिरवायचं.

मला ह्यातलं एकही पटत नाही. परवा पार्क चौकात चहाला बसलो होतो तिथेही हाच विषय निघाला, तेव्हा जे तोंडी बोललो ते जरा नीट लिहून काढतो.

आधी खेळण्याचं बघू. ज्यांनी वॉरक्राफ्ट थ्री, म्हणजे तळ उभारून फौज लढवायचा गेम, नेट कॅफेत लॅनवर खेळलाय त्यांना हा मुद्दा सांगायलाच लागू नये. २००२ च्या त्या गेममध्ये चार रेस होत्या, त्यातल्या फक्त ह्यूमनच्या मजुरांना, म्हणजे पेझंटांना, एकच बिल्डिंग चार-पाच जणांनी मिळून बांधता येते, थोडं सोनं-लाकूड जास्त जातं पण काम झटक्यात उरकतं. ऑर्क जमातीचा मजूर पिऑन बिल्डिंग पूर्ण होईपर्यंत आत अडकून पडतो, नाईट एल्फची मजूर विस्प तर बऱ्याच बिल्डिंगांमध्ये कायमची खर्ची पडते. वर ह्यूमनकडे टाऊन हॉलमधून मजुरांना हाक देण्याची सोय, हाक दिली की तेच पेझंट ४५ सेकंदांसाठी शस्त्र घेतलेले मिलिशिया, म्हणजे लढवय्ये, होतात. आता ह्या दोन गोष्टी जोडून बघा. आर्कमेज हा जादूगार हिरो आणि त्याने बोलावलेला पाण्याचा प्राणी, वॉटर एलिमेंटल, पुढे, मागे मिलिशिया, दुसऱ्या सोन्याच्या खाणीवर बसलेले क्रीप, म्हणजे कुणाच्याच बाजूचे नसलेले प्राणी, साफ करायचे, आणि लगेच तिथेच सगळ्यांनी मिळून दुसरा टाऊन हॉल उभा करायचा. समोरचा अजून पहिल्या हिरोची लेव्हल वाढवतोय तोवर तुमच्या दोन खाणी चालू. ह्याला टायमिंग लागतं, हात बसलेला लागतो, पाच सेकंद उशीर झाला की मिलिशियाचे परत पेझंट होतात आणि भर लढाईत मार खातात. पुढेही बेसवर हल्ला आला की हीच हाक द्यायची, खाणीत राबणारे हात क्षणात शस्त्र धरतात. ‘काही स्पेशल नाही’ असं ज्याला वाटतं त्याने चांगल्या ह्यूमन प्लेयरकडून एक गेम हरून बघावा.

वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट ह्या ऑनलाइन गेममध्येही तेच. क्लासिकमध्ये, म्हणजे त्याच्या सुरुवातीच्या रूपात, ह्यूमनला तलवार आणि गदा ह्या दोन्हींचं स्किल जन्मतः ५ ने जास्त मिळतं. वाचायला ५ म्हणजे काहीच नाही वाटत, पण लेव्हल ६० ला तुमचं स्किल ३०० असतं आणि रेड बॉस, म्हणजे मोठ्या टोळीने मिळून मारायचा शत्रू, धरला जातो लेव्हल ६३ चा, त्याच्यावर तुमचे साधे वार बरेचदा घसरतात. ३०० स्किलला असा घसरलेला वार सरासरी ३५ टक्के डॅमेज गमावतो, ३०५ ला फक्त १५ टक्के. म्हणून तर अलायन्सच्या, म्हणजे ह्यूमन ज्या बाजूला आहेत तिच्या, रेड गिल्डांमध्ये (अशा टोळ्यांत) वॉरियर आणि रोग हे लढवय्ये ढिगाने ह्यूमन असायचे. हौस म्हणून नाही, हिशोब करून. शिवाय रेप्युटेशन, म्हणजे गेममधल्या गटांकडची पत, १० टक्के जास्त मिळतं, ज्याने एखाद्या गटासाठी रात्र-रात्र तेच तेच काम केलंय त्याला त्या १० टक्क्यांची किंमत कळते.

इतिहास नाही म्हणणाऱ्यांनी त्याच ऑनलाइन गेमचं २००८ चं एक्सपान्शन, राथ ऑफ द लिच किंग, खेळलेलं दिसत नाही. हाउलिंग फ्योर्ड ह्या भागातल्या क्वेस्ट, म्हणजे तिथे मिळणारी कामं, नीट वाचत गेलं की कळतं, ह्यूमन हे व्रायकुलांचे वंशज. व्रायकुल म्हणजे टायटन ह्या देवांसारख्यांनी घडवलेले धिप्पाड लोक, पुढे योग-सरॉन ह्या दुष्ट शक्तीच्या शापाने त्यांचं शरीर हाडामांसाचं झालं आणि मग त्यांना लहानखुरी, त्यांच्या दृष्टीने दुबळी मुलं व्हायला लागली. राजा यमिरॉनने फर्मान काढलं की अशी बाळं मारून टाका. काही आईबापांनी ऐकलं नाही, लपवून दक्षिणेकडे नेली, ती जगली, आणि तिथून ह्यूमन सुरू झाले. ड्वार्फ आणि नोम ह्या बुटक्या जमातीही त्याच शापातून आल्यात, त्यांना ‘प्राचीन’ म्हणायचं आणि ह्यूमनला ‘कालचे’, हे कुठलं गणित? मला तर सगळ्या रेसच्या जन्मकथांत हीच सगळ्यात जास्त लागते, बाकी कुणाची सुरुवात ‘ह्याला जगू देऊ नका’ अशा हुकमाने झालेली नाही.

एल्फांचा मुद्दा तर सरळ उलटा आहे. अमानी ट्रोलांनी, म्हणजे एल्फांच्या जुन्या शत्रूंनी, त्यांच्या क्वेल’थलास राज्याची पार कोंडी केली होती तेव्हा एल्फांचा राजा अनस्टेरियन ह्याने ह्यूमनचा राजा थोराडिनकडे माणसं पाठवली, मदत मागायला. थोराडिनने आपलं सैन्य दिलं, बदल्यात एल्फांनी १०० ह्यूमनना जादू शिकवली, आणि ऑल्टरॅकच्या डोंगरांत त्या नवशिक्या जादूगारांनी ट्रोलांची फौज जाळली. एल्फांनी थोराडिनच्या वंशाला कायमच्या मैत्रीचा शब्द दिला तो तेव्हाच. हजारो वर्षांनी ऑर्कांबरोबरच्या दुसऱ्या युद्धात, त्या वंशाचा शेवटचा माणूस लोथार उभा राहिला तेव्हा त्यांनी तो शब्द पाळला, पण अगदी थोडं सैन्य पाठवून. तेव्हा कुणी कुणाला वाचवलं ते एकदा नीट लावून घ्या. एकमेकांना वाचवलं असं म्हणा, मी लगेच मान्य करतो.

आता सज्जनपणाचा आव. इथे मला खरंच राग येतो, कारण ह्या मालिकेत आपल्याच माणसांचे गुन्हे इतके उघडे मांडलेत की दुसऱ्या रेसच्या वाट्याला फार थोडं तसं आलंय. ऑर्कांना ह्या दुनियेत आणणारं दार, डार्क पोर्टल, ज्याने आतून उघडून दिलं तो मेडिव्ह ह्यूमन. दुसऱ्या युद्धात आपल्याच बाजूला दगा देणारा ऑल्टरॅकचा राजा पेरेनॉल्ड ह्यूमन. युद्ध जिंकल्यावर ऑर्कांना छावण्यांत कोंडलं ते ह्यूमननी, आणि पुढे ऑर्कांचा नेता झालेल्या थ्रॉलला लहानपणापासून आखाड्यात गुलाम म्हणून झुंजवला तो ब्लॅकमूरही ह्यूमन. ब्लड एल्फांना आकसाने छळून अलायन्समधून अक्षरशः हाकलून लावणारा गारिथॉस, तोही. आणि आर्थस, ह्यूमनचा राजपुत्र. स्ट्रॅथहोमच्या मिशनमध्ये विषारी धान्य खाऊन झोंबी होऊ लागलेल्या शहराची कत्तल करायला त्याचा गुरू उथर नकार देतो, त्याची मैत्रीण जेना निघून जाते, आणि घराघराची दारं फोडून ती माणसं मारायचं काम तुमच्या माऊसला करावं लागतं, समोर मॅल’गॅनिस हा राक्षस तीच माणसं गोळा करतोय, आधी शंभर कोण गाठतो ह्याची दोघांत शर्यत. मिशन जिंकल्याचा आनंद होतच नाही. ह्याला आव म्हणत असाल तर काय बोलणार.

पण सगळ्यात महत्त्वाची गोष्ट ह्या मोठ्या नावांत नाहीये, ती ह्यूमनच्या वेस्टफॉल ह्या शेतीच्या भागात आहे. ऑर्कांबरोबरच्या पहिल्या युद्धात ह्यूमनचं मुख्य शहर स्टॉर्मविंड पडलं (१९९४ च्या पहिल्याच गेमच्या कथेत ह्यूमन हरतात, हेही त्या पोस्टवाल्याने बघावं), नंतर गवंड्यांनी ते शहर दगडावर दगड रचून परत उभं केलं. काम झाल्यावर सरदार लोकांनी त्यांची मजुरी बुडवली. दंगल झाली, राणी टिफिन दगड लागून मेली, गवंड्यांचा मुकादम व्हॅनक्लीफ आपली माणसं घेऊन शहराबाहेर पडला आणि तीच पुढे डेफियास टोळी, लाल फडकी बांधून फिरणारी. आपण लेव्हल वीसच्या आसपास डेडमाइन्समध्ये, म्हणजे त्यांच्या लपण्याच्या खाणीत, जाऊन त्याला मारतो. मारल्यावर त्याच्याकडे एक न पाठवलेलं पत्र सापडतं, ते स्टॉर्मविंडच्या बॅरोस अलेक्स्टन नावाच्या वास्तुतज्ज्ञाला द्यायचं, आणि तो माणूस गवंड्यांची सगळी हकिगत सांगतो. तोपर्यंत आपण बॉस मारून लूट वाटून घेतलेली असते.

हे सगळं ओनिक्सियाने, म्हणजे त्या सरदारांत बाई बनून वावरणाऱ्या ड्रॅगनने करवलं, असं सांगून बरेच जण ह्यूमनची सुटका करतात. मला ते मान्य नाही. कान भरणारी ती असेल, पण पैसे बुडवायला ज्यांचे हात तयार होते ते हात माणसांचेच होते. माझे आजोबा गिरणीत मागावर होते, गिरणी बंद पडल्यावर थकलेल्या पैशांसाठी त्यांनी किती चकरा मारल्या ते घरात सगळ्यांना माहितीये, त्यामुळे बॅरोसचं बोलणं वाचताना मला ती गोष्ट स्टॉर्मविंडची राहिली नाही, सोलापूरच्या गल्लीतलीच झाली.

आणि कथा तिथे थांबतही नाही. २०१० च्या कॅटॅक्लिझम ह्या पुढच्या एक्सपान्शनमध्ये वेस्टफॉल बेघर लोकांनी भरलेलं दिसतं, सॅल्डीन शेतकऱ्याच्या घरी होप नावाची मुलगी तुम्हाला त्या उपाशी लोकांना स्ट्यू वाटायला पाठवते, तुम्ही मन लावून वाटता, आणि पुढे कळतं की ती व्हॅनक्लीफची मुलगी व्हॅनेसा आहे, बाप मारला गेला तेव्हा तिने ते सगळं बघितलं होतं. एका बुडवलेल्या मजुरीचा हिशोब दुसऱ्या पिढीने मागावा, एवढं लांब धरलेलं सूत दुसऱ्या कुठल्या रेसमध्ये दाखवा मला.

पोस्टमध्ये एक वाक्य होतं की एल्विनमधल्या, म्हणजे ह्यूमन जिथून खेळ सुरू करतात त्या जंगलातल्या, सुरुवातीच्या क्वेस्ट कंटाळवाण्या आहेत, ते खरंय, कोबोल्ड ह्या उंदरासारख्या प्राण्यांच्या मेणबत्त्या गोळा करण्यात काही मजा नाही. त्यावरून सगळी रेस मोडीत काढणं चूक.

राहिला वयाचा मुद्दा. वॉरक्राफ्ट थ्रीचं शेवटचं मिशन आठवा, माउंट हायजल. येणाऱ्या संकटाचा मेडिव्हचा इशारा ह्यूमनच्या टेरेनास राजाने धुडकावला, जेनाने ऐकला, वाचलेली माणसं जहाजात घालून तिने समुद्र ओलांडला, म्हणून ती तिथे होती. आर्किमोंड हा राक्षसांचा सेनापती डोंगर चढत येतो तेव्हा त्याच्या वाटेत पहिला तळ जेनाचा, मग थ्रॉलचा, आणि सगळ्यात वर नाईट एल्फांचा. खालचे दोन तळ पडेपर्यंत लढतात ते वरच्यांना वेळ मिळावा म्हणून. आर्किमोंड मरतो पण नाईट एल्फांचं अमरत्वही त्याच दिवशी जातं, म्हणजे त्यानंतर म्हातारपण त्यांनाही आहेच. पोस्ट लिहिणाऱ्याने हे मिशन खेळलंय का तेवढं ग्रुपवर सांगावं.