मालक माडीवर असतात

लग्नानंतरची बावीस वर्षं आईने सदाशिव पेठेतल्या एका वाड्यात काढली, भाडेकरू म्हणून. मालक माडीवर राहायचे आणि आमच्या खोलीची जादा किल्ली त्यांच्या जानव्याला असायची. त्यामुळे माझ्या लॅपटॉपमध्येही एक मालक राहतो हे घरात सांगितलं, तेव्हा बायकोने मोबाइलमधून मान वर केली नाही, पण आईला लगेच कळलं.

2008 पासून इंटेलच्या चिपसेटमध्ये मॅनेजमेंट इंजिन नावाचा एक वेगळा छोटा संगणक असतो. आपण लॅपटॉप बंद करून झोपलो, तरी वीज मिळत असेल तर हा जागा राहू शकतो. आत काय चालतं ते आपल्याला वाचता येत नाही. नव्या पिढ्यांत त्यावर मिनिक्स नावाची ऑपरेटिंग सिस्टिम चालते, आणि ती लिहिणाऱ्या टॅनेनबॉमसाहेबांनाही ती घरोघरी पोचल्याचं 2017 मध्ये बातम्यांवरूनच कळलं. आपण कोण मग!

मालकांना घराबाहेर काढायचं मी ठरवलं. नव्या लॅपटॉपवर सोय नव्हती; 2013 पासून आलेलं बूट गार्ड नावाचं कुलूप, कंपनीची सही नसलेलं फर्मवेअर (मशीन उठवणारं, चिपमध्ये बसलेलं सॉफ्टवेअर) दारातच अडवतं. म्हणून मुद्दाम 2012 चा एक जुना लॅपटॉप घेतला आणि चिपवर फर्मवेअर लिहायचं यंत्र, म्हणजे प्रोग्रामर, आणायला इलेक्ट्रॉनिक्सच्या तपकीर गल्लीत गेलो.

"लॅपटॉप बंद पडलाय?" दुकानदार.

"नाही, छान चालतोय."

"मग?"

या 'मग'चं उत्तर मला अजून सापडलेलं नाही.

घरी आल्यावर कळलं, की हा स्वस्त काळा प्रोग्रामर 3.3 व्होल्टच्या चिपच्या डेटा पायांवर 5 व्होल्ट सोडतो. म्हणजे पुन्हा तपकीर गल्ली. दुकानदाराने या वेळी 'मग'सुद्धा विचारलं नाही.

फर्मवेअरची चिप हरभऱ्याच्या डाळीएवढी, आठ पायांची. एका कोपऱ्यात टिंब असतं, तो पाय पहिला. प्रोग्रामरची क्लिप चिपला चिमटीत धरते, तिची लाल वायर तिथेच यायला हवी. आईचं पोथी वाचायचं भिंग घेऊन मी ते टिंब शोधलं, ते धुळीचा कण निघालं. नंतर खरं सापडलं. जुनं फर्मवेअर आधी दोनदा वाचून दोन्ही प्रती जुळतात का बघायचं असतं. मी चारदा वाचलं, चार वेगळी उत्तरं आली. पाचव्यांदा श्वास रोखून, क्लिप बोटाने दाबून धरली आणि सहाव्यांदा तेच उत्तर आलं. तेवढ्यात बायकोने मिक्सर लावला, पण जुळलं होतं.

मग हाव सुटली. कोअरबूट नावाचं मुक्त फर्मवेअर चढवलं आणि मालकांचा सगळा भाग पुसून टाकला. लॅपटॉप सुरू झाला! मी सगळ्यांना चहा पाजला. बरोबर अर्ध्या तासाने स्क्रीन काळी. पुन्हा सुरू केला, पुन्हा अर्धा तास. मालकांची सोय तशी चोख आहे: त्यांचं फर्मवेअर जागेवर दिसलं नाही, तर तीस मिनिटांनी मशीन बंद. ऑफिसची एक मीटिंग मी दोन हप्त्यांत केली.

शेवटी एमई क्लीनर, म्हणजे मॅनेजमेंट इंजिनचा बहुतेक भाग छाटणारं साधन, वापरून तडजोड केली. 5 एमबीमधलं सुमारे 90 केबी तेवढं ठेवायचं. ते मशीन उठवतं आणि पुढे गप्प बसतं. वायफायसाठी बाहेरून फर्मवेअर न मागणारं जुनं अ‍ॅथेरॉसचं कार्ड लावलं. कीबोर्डमागच्या कंट्रोलरकडे आणि एसएसडीच्या पोटात काय आहे, तिकडे मी बघितलंच नाही.

रात्री आईला सगळं सांगितलं. मालक गेले, फक्त जिन्याखालची खोली त्यांच्याकडे राहिली.

"जिन्याखालची कुणीच सोडत नाही रे," ती म्हणाली, आणि जरा थांबून तिने विचारलं, "पागडी किती गेली?"

बायको आत जागी होती. मी आकडा सांगितला नाही.