तो चार्जर, ती बॅटरी

उद्या ओळख करून देताना कुणी म्हणालं, "मला 'तो' नको, 'ती' म्हणा," तर गडबडून जाऊ नका. कपाळाला हात लावा आणि भाषा बुडाल्याचं जाहीर करून टाका. ऱ्हस्व-दीर्घ तुम्हाला आजवर जमलं नसेल, तरी हरकत नाही. अशा वेळी व्याकरणाचा पुळका येण्याला महत्त्व.

"मला 'ते' म्हणा," अशी विनंती आली, तर काम आणखी सोपं. हसून विचारा, "ते म्हणजे नक्की किती जण?" हा विनोद जगात पहिल्यांदा तुम्हालाच सुचलाय, अशा थाटात विचारा. तेवढ्यात फोन वाजला तर घ्या आणि सांगा, "साहेब आत्ताच बाहेर पडले, ते पाचला येतील." साहेब एकच आहेत. पण तो पडला आदर, आणि साहेबांना तो मागावा लागत नाही.

'एवढं कोण लक्षात ठेवणार' ही सबब सतत हाताशी असू द्या. चार्जर आला तसा तो 'तो' झाला, बॅटरी 'ती', सिमकार्ड 'ते'. शब्द परके, वस्तू निर्जीव, तरी आपली जीभ एकदा अडखळली नाही. (कुणी क्लास लावल्याचंही ऐकिवात नाही.) समोरचं माणूस मात्र स्वतः तोंडाने सांगतंय, तेच नेमकं लक्षात राहत नाही. स्वीडिश अकादमीच्या शब्दकोशात २०१५ साली 'हेन' हे लिंगनिरपेक्ष सर्वनाम आलं, असं कुणी सांगू लागलं तर विषय बदला. स्वीडिश भाषा अजून शाबूत आहे, हे त्याला बोलू देऊ नका.

'हा आजार आहे' हे ठासून म्हणा. जागतिक आरोग्य संघटनेने १७ मे १९९० रोजी समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली. २०२२पासून लागू झालेल्या वर्गीकरणात पारलिंगी (ट्रान्सजेंडर) असणंही मानसिक विकारांत मोडत नाही. तुम्ही जुनीच यादी जपा.

आणि कोण काय आहे, हे तिऱ्हाइतानेच ठरवायचं असतं. अर्जेंटिनाने २०१२मध्ये कायदा केला की सज्ञान माणसाला कागदपत्रांवरचं लिंग बदलायला ना डॉक्टरचा दाखला लागेल, ना न्यायाधीशाची परवानगी. तुम्ही मात्र पुरावा मागा. पाच मिनिटांच्या ओळखीवर चारचौघांत विचारा, "ऑपरेशन झालं का?" तुमच्या मूळव्याधीचं कुणी असं विचारलं तर? छे, ती खासगी बाब!

फॉर्म तयार करणं तुमच्या हाती असेल, तर पुरुष, स्त्री आणि तळाशी 'इतर'. फार गुणी शब्द. जमाखर्चात किरकोळ खर्चालाही चालतो.

पंचाईत एकच आहे, आपली मराठीच फितूर निघते. 'मी जातो', 'मी जाते' इथे ती इमानाने पहारा देते. पण 'मला बसायचंय', 'मी सांगितलं' यात बोलणारं कोण, काही पत्ता लागत नाही. भविष्यकाळ तर पार हाताबाहेर गेलाय: तो येईल, ती येईल, ते येईल. याची तक्रार कुणाकडे करायची, तेवढं शोधून ठेवा.